पहिल्या रकान्यातलं कॉलेज

आमच्या कॉलनीत फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. मला कुणी नेमलं नव्हतं. अक्षर बरं होतं, सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कारकुनी करत होतो, आणि सरकारी कागदाची मला भीती वाटत नसे. एवढ्या भांडवलावर मी सुट्टीच्या दिवशी सकाळी विहाराच्या ओट्यावर बसायचो आणि लोक कागद घेऊन यायचे. रेशनकार्डात नाव घालायचं, शिष्यवृत्तीचा अर्ज, आयटीआयचा प्रवेश, कुणाच्या विधवा पेन्शनचे कागद.

माझी एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. आधी सगळा फॉर्म पेन्सिलीनं भरायचा. मग घरच्यांना समोर बसवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचा. कुणाला काही खटकलं तर खोडरबर. मग शाई, आणि सही सगळ्यात शेवटी. ज्यांना वाचता येत नव्हतं ती माणसंही माझ्या वाचनाकडे कान देऊन बसत आणि मध्येच म्हणत, "थांब, जन्मगाव नांदगाव नाय, खेड्याचं नाव टाक." त्या ओट्यावरून चुकीचा फॉर्म कधी गेला नाही.

ही पद्धत मी एकदाच मोडली. तो फॉर्म माझ्या धाकट्या बहिणीचा होता.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. आमचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. ते कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. जेवताना कामाच्या गोष्टी सांगायची त्यांना सवय होती. एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. मशीन थांबलं की वायरमन म्हणतो बेअरिंग गेलंय, फिटर म्हणतो मोटर जळलीय. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मशीन तिसरीकडे बघत उभं राहतं. मी हसायचो. बहीण तेव्हा शाळेत होती. तिनं एकदा विचारलं, "मग दोन्ही येणारा माणूस का नाही ठेवत?"

वडील म्हणाले, "असा माणूस असतो कुठं?"

तिला तेवढं पुरलं. दहावीनंतर तिनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. वर्गात मुली मोजून चार. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो तिला घ्यायचा होता, पण नुसत्या इलेक्ट्रिकलला नाही. एका परगावच्या कॉलेजात वीज आणि यंत्र दोन्ही एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम नव्यानंच निघाल्याचं तिनं पेपरात वाचलं होतं. इलेक्ट्रोमेकॅनिकल. आईला तो शब्द उच्चारता यायचा नाही. ती शेजारणींना सांगायची, "तिला ते दोन्हीचं शिकायचंय."

कॉलेज निवडायचं म्हणजे आमच्याकडे लोक काय करत? कुणाचा तरी मुलगा तिथं असे, त्याला विचारत. नाहीतर इमारत बघत. बहिणीनं सांगितलं, आपण जाऊन बघायचं. एकटीला आई पाठवणार नाही, म्हणून सोबतीला मी.

पहिलं कॉलेज नाशिकमधलंच. नवीन, खाजगी. दारात कारंजं, आत गुळगुळीत फरशी. ऑफिसातल्या साहेबांनी आम्हाला बसवून इमारतीचं क्षेत्रफळ सांगितलं आणि एक रंगीत पुस्तिका दिली. मी खूश झालो. आम्ही दोन खोल्यांत राहणारी माणसं, आपल्या घरातलं कुणी रोज असल्या फरशीवरून चालेल ही कल्पनाच मला सुखाची वाटली. बहिणीनं पुस्तिका उघडलीच नाही. "सर, मशीन लॅब बघता येईल?"

"प्रवेश झाल्यावर बघालच की."

"प्रवेश घ्यायचा की नाही ते ठरवायला बघायचीय."

साहेब हसले आणि लॅब अटेंडंटला बोलावलं. म्हातारे गृहस्थ होते, किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढं निघाले. लॅबमध्ये मोटरींवर प्लास्टिकची आवरणं होती. बहिणीनं एक आवरण वर केलं, खाली वाकली, आणि वायरी जोडतात त्या डबीवरचे स्क्रू बघायला लागली. मला लाज वाटली. बाजारात वांगी दाबून बघावीत तसं चाललं होतं.

"काका, ही शेवटची कधी चालवली होती?"

काका दाराकडे बघून हळूच म्हणाले, "पाहुणे आले तेव्हा उद्घाटनाला. त्यानंतर सर म्हणतात, खराब होईल."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "स्क्रूत काय बघत होतीस?"

"ओरखडे. एकाही स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लागलेला नाही, दादा. पोरं वहीत मोटर काढतात आणि पास होतात."

दुसरं कॉलेज तालुक्याच्या गावचं, तिथं तिनं अर्ध्या तासात नाही म्हटलं. तिसरं म्हणजे ते परगावचं. पहाटेच्या एसटीनं निघालो आणि दुपारी पोहोचलो. कारंजं नव्हतं. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला मोटरींची बाकं. मध्ये भिंत नव्हती. टेबलावर एक जळलेली मोटर उघडून ठेवलेली, तिच्या गुंडाळीचा करपट वास शेडभर. चार पोरं तिच्यावर वाकलेली आणि त्यांच्यात एक मास्तर, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत काळे. आम्हाला वाटलं मेकॅनिक असेल. ते विभागप्रमुख निघाले.

बहिणीनं स्क्रू बघितले. सगळ्यांच्या खाचा झिजून गेल्या होत्या. काहींच्या जागी दुसऱ्याच मापाचे ठोकलेले. ती सरळ उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वडिलांना बोनस मिळाल्यावर ते चपला काढतानाच हसायचे, तसं काहीतरी.

तिथल्या अटेंडंटनं आम्हाला पाणी दिलं. "आमच्याकडं मोटर जळली की सर खूश होतात बघा," तो म्हणाला. "म्हणतात, चला, आता शिकायला काहीतरी मिळालं."

मास्तरांनी हात पुसत विचारलं, "ही कुठल्या कारणानं जळली असेल?"

बहिणीनं मोटर नाही बघितली. तिनं विचारलं, "हिला पट्टा होता का सर? फार ताणलेला होता का?"

मास्तरांनी फडकं टेबलावर टाकलं. मग पोरांना म्हणाले, "ऐका. तुम्ही सकाळपासून तारा मोजताय." पट्टा जास्त ताणला की बेअरिंगवर जोर येतो, मोटर दमते आणि शेवटी जळते, हे ती वडिलांकडून ऐकत मोठी झाली होती. मलाही तेच वडील होते. मी त्या गोष्टी जेवताना ऐकायचो आणि हात धुताना विसरायचो.

परतीच्या एसटीत ती सारखी बोलत होती. वसतिगृह कुठं, मेस कशी, थेट दुसऱ्या वर्षाला गेल्यावर पहिल्या वर्षाचं बुडालेलं मेकॅनिकलचं कसं भरून काढायचं. मी हूं हूं करत होतो. मी कशाचा विचार करत होतो ते आता सांगतो.

माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खणात आठ दिवसांपासून एक पत्र होतं. कंपनीच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसात मला बढतीवर बोलावलं होतं. मी घरी सांगितलं नव्हतं. आईला दमा होता. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा तिला उठवून बसवावं लागे, पाठ चोळावी लागे, कधी रिक्षा बघावी लागे. बहीण परगावी गेली तर मला नाशिक सोडता येणार नव्हतं. बहीण नाशिकलाच राहिली तर येणार होतं. एवढं साधं होतं. यावर तिघांनी बसून बोलता आलं असतं. आईला पुण्याला नेता आलं असतं, मावशीला बोलावता आलं असतं. पण बोललो असतो तर कदाचित मलाच थांबावं लागलं असतं, आणि तेवढाही धोका मला पत्करायचा नव्हता.

पसंतीक्रमाचा फॉर्म आला. कॉलेज आणि शाखा मिळून एक आकडा असे, तो आवडीच्या क्रमानं रकान्यांत लिहायचा. वरून जो पहिला मिळू शकेल तो मिळणार. तिनं पेन्सिलीनं भरला. पहिल्या रकान्यात परगावचं इलेक्ट्रोमेकॅनिकल. दुसऱ्यात नाशिकचं इलेक्ट्रिकल, कारंजंवालं, कारण काहीच नाही मिळालं तर निदान घरी राहून शिकता येईल. तेवढ्यात जातीच्या दाखल्यात काहीतरी त्रुटी निघाली. वडिलांचं गाव नांदगाव तालुक्यातलं, म्हणून तिला तिथल्या तहसील कचेरीत दोन दिवस राहावं लागणार होतं. त्याच दोन दिवसांत फॉर्म द्यायची शेवटची तारीख.

"मी सही करून जाते. तू शाई कर आणि देऊन टाक," ती म्हणाली.

"सही शेवटी करायची असते."

"लोकांसाठी रे. तू आहेस ना."

हे ती सहज म्हणाली. पिशवी उचलली आणि गेली.

आई शेजारी गेली होती. मी फॉर्म समोर घेतला. पेन्सिलीचे आकडे हलक्या हातानं खोडले, खोडरबराचा चुरा फुंकून टाकला, आणि पहिल्या रकान्यात नाशिकचा आकडा शाईनं लिहिला. दुसऱ्यात परगावचा. अक्षर नेहमीपेक्षाही चांगलं आलं. फॉर्म वाचून दाखवायला समोर कुणी नव्हतं. दिला, पोच घेतली, आणि घरी ठेवायची प्रत फाडून कारखान्याच्या कचऱ्यात टाकली.

निकालात तिला नाशिकचं कॉलेज लागलं. तिनं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "थोडक्यात हुकलं असेल. एखाददुसरा टक्का." ती माझ्याकडे बघत होती म्हणून मला काहीतरी बोलावं लागलं. मी म्हटलं, "तिथं जागाच कमी असतात." फॉर्मपेक्षा मला हे वाक्य जास्त टोचत आलंय. फॉर्मच्या वेळी ती समोर नव्हती.

महिन्याभरानं मी पुण्याला गेलो. तिनंच माझी बॅग भरली. "आईची काळजी करू नको, मी आहे," म्हणाली.

पुढचं सगळं मी लांबून बघितलं, सणासुदीला घरी आल्यावर. कॉलेजात मोटरींवर प्लास्टिक होतंच. तिनं आधी त्या म्हाताऱ्या अटेंडंट काकांना धरलं. त्यांच्या नातीला गणित शिकवायला लागली. मग काका संध्याकाळी लॅबचं कुलूप थोडं उशिरा लावायला लागले. पहिली मोटर तिनं काकांच्या देखत चालू केली तेव्हा काकांनी म्हणे हात जोडले होते. वर्षभरात तिच्या मागं अजून पाच-सहा पोरं यायला लागली. सरांना कळलं तेव्हा सर रागावले, मग तेही येऊन उभे राहायला लागले.

पण तिथं यंत्राचं काही नव्हतं. त्यासाठी तिनं शनिवार शोधला. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याची सुट्टी शनिवारी. त्या दिवशी उत्पादन बंद, पण मेंटेनन्सवाले कामावर असतात, कारण चालू मशीन उघडता येत नाही. वडिलांच्या जुन्या कारखान्यात वडिलांच्या हाताखाली शिकलेले एक फिटर होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पोरी, हितं तेलकट काम हाय. कॉलेजसाठी सर्टिफिकेट देतो लिहून, प्रोजेक्ट केला म्हणून. जा घरी."

"सर्टिफिकेट नको काका. गिअरबॉक्स उघडताना बघू द्या."

"बघून काय करशील?"

"पुढच्या वेळी उघडीन."

बाकीचे हसले. एक म्हणाला, "आता आपल्याला बी बाईंना विचारून पाना उचलावा लागणार." ती त्याला म्हणाली, "विचारा ना. निदान बरोबर मापाचा तरी उचलाल." तो माणूस पुढं तिचा सगळ्यात पक्का दोस्त झाला. तीन वर्षं एक शनिवार तिनं चुकवला नाही. आईला धाप लागलेली असेल तर शेजारणीला बसवून, निदान दुपारनंतर तरी जायची. वायरमनचं तिला कॉलेजात कळत होतं, फिटरचं शनिवारी. जो अभ्यासक्रम मी तिच्या फॉर्मवरून खाली ढकलला, तो तिनं सातपूरच्या तेलकट फरशीवर बसून, स्वतःच जुळवून पुरा केला. त्याची पदवी मात्र कुणी दिली नाही. कागदावर ती फक्त इलेक्ट्रिकलची इंजिनिअर आहे.

त्या फरकाची किंमत तिनं मोजली. मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतीत तिला विचारत, तुमचं मेकॅनिकलचं शिक्षण कुठंय? शनिवार ती कुठल्या कागदावर दाखवणार? दोन ठिकाणी नाकारली गेली ते मला ठाऊक आहे, आईनं पत्रात कळवलं होतं. ते पत्र वाचून मी आठवडाभर घरी फोन केला नाही.

शेवटी तिनं अंबडला एक शेड घेतली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. जुनी मशीनं, ज्यांचं लोखंड अजून चांगलं आहे पण वायरिंग संपलंय, ती विकत घेते, नवीन पॅनेल, नवीन मोटरी बसवून पुन्हा उभी करते. वायरमन आणि फिटर एकमेकांकडे बोट दाखवत बसले की लोक तिला बोलावतात. मी एकदा तिला काम करताना बघितलं. बंद पडलेल्या, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनभोवती कारखान्याचे चारजण घाईघाईनं बोलत होते. ती मशीनला हातही न लावता ऑपरेटरच्या शेजारी स्टुलावर बसली आणि त्याच्या घरच्यांची चौकशी करत बसली. दहा मिनिटांनी त्यानं आपण होऊन सांगितलं की काल सेफ्टीचा स्विच त्रास देत होता म्हणून त्यानं तो बांधून ठेवला होता. तिनं त्याचं नाव साहेबांना सांगितलं नाही. स्विच बदलला, मशीन चालू केलं. मी मनात म्हटलं, आपण हिच्यापुढं दहा मिनिटं बसलो तर काय होईल.

म्हणून मी बसत नव्हतो. एव्हाना तिचं लग्न होऊन मुलंही झाली होती. पुण्याहून यायचो, जेवायचो, भाच्यांना खाऊ द्यायचो आणि जायचो.

आई गेली त्यानंतर राहवेना. शेवटची सगळी वर्षं आईचं बहिणीनंच केलं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर नातेवाईक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू पुण्याहून पैसे पाठवलेस, नीट लक्ष दिलंस, मुलगा असावा तर असा." बहीण तिथंच चहाचे कप उचलत होती. तिनं मान हलवून दुजोरा दिला.

दुसऱ्या दिवशी मी अंबडला तिच्या शेडवर गेलो. ती पॅनेलपाशी होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पुण्याचं पत्र, पेन्सिल, खोडरबर, पहिला रकाना, दुसरा रकाना. फाडलेली प्रत. मध्ये ती एकदाच बोलली. "माझा नंबर लागला असता?"

"पुढच्या वर्षी मी चौकशी केली होती. लागला असता. बऱ्याच वरून लागला असता."

म्हणजे मला तेही माहीत होतं. तिनं हातातला टेस्टर टेबलावर ठेवला.

मी तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "शेवटी चांगलंच झालं असं म्हणू नको."

"नाही म्हणत."

"म्हणणार होतास."

मी म्हणणार होतो.

"जे चांगलं झालंय ते मी केलंय. त्यात तुझा हात नाही." आवाज चढला नव्हता. कामगारांशी बोलते त्याच आवाजात बोलत होती. "आणि आईचं म्हणशील, तर तू विचारायचं होतंस. मी कदाचित थांबलेही असते, दादा. आईसाठी, तुझ्यासाठीसुद्धा. थांबले असते की तुला झिडकारून गेले असते, हे आता मला कळायचं नाही. मी कसली माणूस होते ते बघायची एकच वेळ आली होती, ती तू परस्पर भरून टाकलीस."

तिनं टेस्टर परत उचलला. ती म्हणाली, "आता जा. फोन करू नको. मी करीन."

फोन यायला पावसाळा गेला, दिवाळी गेली. आला तेव्हा भाच्याच्या चष्म्याबद्दल बोलली, त्याच्या नंबराबद्दल, आणि पुण्यात डोळ्यांचा चांगला डॉक्टर कोण, हे विचारलं. मी पत्ता दिला. ती "बरं" म्हणाली. पूर्वीसारखं बोलणं झालं नाही, अजूनही होत नाही. मधे थोडी जागा राहते आणि ती भरायला मी जात नाही.

पण एक गोष्ट मला हळूहळू कळली. तिनं हे नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. भाचे अजून मला वाकून नमस्कार करतात. धाकटी मला म्हणाली, "मामा, आई सांगते तू सगळ्या कॉलनीचे फॉर्म भरायचास आणि एकाचाही कधी चुकला नाही." मी तिच्या आईकडे बघितलं. ती पोळीला तूप लावत होती, तिनं वर बघितलं नाही. तिला मला वाचवायचं होतं असं मला वाटत नाही. मुलांना एक मामा असावा, एवढंच तिला हवं असावं. माझ्याबद्दल तिला जे वाटतं ते तिनं मुलांच्या ताटात वाढलं नाही.

तो मान घेऊन जेवायला मला जमेना. मी तिला विचारलं, हे सगळं लिहून काढू का, भाचेही वाचतील असं? या वेळी विचारलं. ती दोन दिवसांनी फोनवर म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नको."